प्रत्येक भाग बरोबर, तरी डबा चुकतोच: जुन्या अमेरिकन बॉक्सकारच्या मॉडेलमधला तारखांचा घोळ

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं असेल. एचओ स्केलमधली (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) चाळीस फुटी स्टीलची बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबा, तुम्ही मन लावून बांधलेली असते. छप्पर फोटोशी ताडून पाहिलेलं, दरवाजा खऱ्या डब्यासारखाच, रंग नीट बसलेला, डेकलखाली (म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांखाली) कुठे हवा नाही. मग या विषयात मुरलेला कोणीतरी डबा हातात घेतो, उलटा करून पोट बघतो, सरळ करून बाजूवरची बारीक अक्षरं वाचतो आणि विचारतो, ‘हा कोणत्या साली धावतोय?’ तेव्हा लक्षात येतं की खालचा ब्रेक १९२८ ला शोभणारा आहे, दरवाजा १९४८ चा आणि बाजूवरचं बोधचिन्ह १९५५ चं. यातला एकही भाग खोटा नाही. पण हे तिन्ही एकाच डब्यावर एकाच दिवशी कधीच नव्हते.

पुढचा डबा दुप्पट काळजीने बांधला तरी हाच घोळ पुन्हा होतो, कारण सगळी काळजी भागांवर खर्च झालेली असते आणि तारखेकडे कोणी पाहिलेलं नसतं. मालडबा तीस-चाळीस वर्षं चालतो. तेवढ्या काळात त्याला नवा ब्रेक बसतो, दरवाजा बदलतो, खालचा पत्रा गंजतो म्हणून ठिगळ लागतं, दोन-तीनदा रंग होतो, ठरावीक काळाने वजन करून नवे आकडे लिहिले जातात. आपल्या हाती लागणारी माहिती मात्र वेगवेगळ्या वर्षांची असते. नकाशा डबा कारखान्यातून निघाला तेव्हाचा, फोटो वीस वर्षांनंतरचा आणि डेकल कोणत्या तरी तिसऱ्याच सालचे. सगळं खरं आणि सगळं एकत्र चिकटवलेलं.

म्हणून दुरुस्ती सुरू करायची ती तारखेपासून. नुसतं ‘पन्नासचं दशक’ म्हणून भागत नाही, महिना आणि साल हवं. मी या लेखापुरता ऑक्टोबर १९५३ धरतो आणि डबा घेतो पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा एक्स-२९. हा डबा मुद्दाम निवडला. अमेरिकन रेल्वे असोसिएशनने १९२३ मध्ये सुचवलेल्या स्टीलच्या बॉक्सकारच्या आराखड्यातून तो आला, १९२४ पासून पुढे दहाएक वर्षं बांधला गेला आणि त्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास गेली. बाल्टिमोर अँड ओहायोसारख्या शेजारी कंपन्यांनीही याच आराखड्याचे डबे घेतले. म्हणजे १९५३ च्या अमेरिकेतल्या मालगाडीत हा डबा असणारच, आणि तेव्हा तो वीस ते एकोणतीस वर्षांचा असणार. इतक्या वयाच्या डब्यावर तारखांचा घोळ व्हायला भरपूर जागा असते.

एका नियमाला दोन तारखा असतात

माझ्या मते नव्वद टक्के चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अमेरिकेत एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून सर्रास धावायचा. याला इंटरचेंज म्हणतात. बोस्टनमध्ये भरलेला डबा चार कंपन्यांच्या रुळांवरून जाऊन कॅलिफोर्नियात रिकामा व्हायचा. त्यामुळे डबा कसा असावा याचे नियम सगळ्यांना मिळून पाळावे लागत. १९३४ पासून हे काम असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सकडे, म्हणजे एएआरकडे होतं. आता गोम अशी की बहुतेक नियम दोन टप्प्यांत यायचे. पहिल्या तारखेपासून नवे बांधलेले डबे त्या नियमाप्रमाणे हवेत, आणि बऱ्याच वर्षांनंतरच्या दुसऱ्या तारखेपासून सगळेच डबे. काही नियमांना तर दुसरी तारीख नव्हतीच, जुना डबा मरेपर्यंत तसाच चालला तरी चालायचा. मॉडेल करणारा एकच तारीख लक्षात ठेवतो आणि ती सगळ्या डब्यांना लावतो. घोडं पेंड खातं ते इथेच.

ब्रेकचं उदाहरण घ्या. जुना के ब्रेक आणि नवा एबी ब्रेक. नव्या डब्यांना एबी ब्रेक १९३३ पासून सक्तीचा झाला. पण जुन्या डब्यांवरचा के ब्रेक काढून टाकायची मुदत मंदी आणि महायुद्ध यांमुळे पुढे पुढे जात राहिली, आणि इंटरचेंजमधून तो अखेर १९५३ मध्ये गेला. म्हणजे १९२५ चा एक्स-२९ तुम्ही १९४० चा दाखवत असाल तर त्याच्या पोटाखाली के ब्रेक अगदी चालेल. ऑक्टोबर १९५३ चा दाखवत असाल तर एबीच हवा. दोन्हींतला फरक लांबूनही कळतो. के ब्रेकमध्ये सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप मिळून एकच लांबट नग दिसतो. एबीमध्ये सिलिंडर वेगळा, दोन कप्प्यांची टाकी वेगळी आणि झडप वेगळी अशा तीन वस्तू तळाशी पसरलेल्या असतात, त्यांना जोडणारे पाइप आणि दांड्या धरून. डबा रुळावर उभा असला तरी बाजूने त्या टाकीचा गोलवा दिसतो.

याच डब्याचा हातब्रेक मात्र उलटी गोष्ट सांगतो. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या डब्यांना गिअरचा हातब्रेक आला, ज्याचं चाक डब्याच्या टोकाच्या भिंतीवर उभं असतं. एक्स-२९ मुळात उभ्या दांड्याचा, म्हणजे दांड्याच्या माथ्यावर आडवं चाक असलेला. जुन्या डब्यांना तो बदलायची सक्ती नव्हती, त्यामुळे १९५३ मध्येही बहुतेक एक्स-२९ जुनाच दांडा मिरवत होते. ब्रेक ‘नवा करायचा’ म्हणून उत्साहात हातब्रेकही नवा केला, की डबा बिघडला.

छपरावरच्या चालायच्या फळ्यांचंही तसंच. चाळिसाव्या दशकाच्या मध्यानंतरच्या नव्या डब्यांवर लोखंडी जाळीच्या फळ्या आल्या, पण जुन्यांवरच्या लाकडी फळ्या लाकडीच राहिल्या. आणि १९६६ मध्ये नव्या डब्यांवर त्या फळ्याच बंद झाल्या, तेव्हाही जुन्या डब्यांवरून त्या उतरवायला पुढे कित्येक वर्षं गेली. याच्या उलट आर्च बार नावाच्या, पट्ट्या बोल्टने जोडून बनवलेल्या जुन्या बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट). त्यांना सरसकट सगळ्या डब्यांसाठी इंटरचेंजमधून १९४० च्या सुमारास बाहेर काढलं. बोल्ट सैल व्हायचे आणि अपघात व्हायचे, म्हणून इथे सवलत नव्हती. १९५३ च्या गाडीत एकजरी माल वाहणारा डबा आर्च बारवर दिसला तर तो बाद. अपवाद एकच, कंपनीच्या स्वतःच्या कामाचे डबे, म्हणजे रूळदुरुस्तीचं सामान नेणारे किंवा कामगारांच्या राहण्याचे. ते दुसऱ्याच्या रुळावर जात नसल्याने त्यांच्याखाली आर्च बार पुढेही कितीतरी वर्षं टिकल्या. तुमच्याकडे आर्च बारचा जोड पडून असेल तर तो तिथे वापरा.

तेव्हा कोणताही नियम वाचलात की लगेच विचारा, ही तारीख नव्या डब्यांची की सगळ्या डब्यांची? उत्तर मिळेपर्यंत गोंदाला हात लावू नका.

बाजूवरच्या बारीक आकड्यांचा ताळा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे कोणाचं मत विचारावं लागत नाही. बेरीज करायची आणि बघायचं.

प्रत्येक मालडब्याच्या बाजूवर डावीकडे, कंपनीची अक्षरं आणि नंबर यांच्या खाली, तीन ओळी असतात. पहिली कपॅसिटी, म्हणजे डब्याची ठोकळ क्षमता, दुसरी लोड लिमिट, म्हणजे माल भरायची कमाल मर्यादा, आणि तिसरी लाइट वेट, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. सगळं पौंडांत. आता डबा भरून रुळावर किती वजन टाकू शकतो हे त्याच्या आसाच्या टोकांच्या मापावर ठरतं. पन्नास टनी डब्याला साडेपाच बाय दहा इंचांचे जर्नल, म्हणजे आसाची टोकं, असतात आणि त्या काळी अशा डब्याचं एकूण वजन १,६९,००० पौंडांपर्यंत चालायचं. म्हणजे लाइट वेट आणि लोड लिमिट यांची बेरीज १,६९,००० यायलाच हवी. सत्तर टनी डब्यासाठी हाच आकडा २,१०,००० होता. (अमेरिकन टन २,००० पौंडांचा, हे लक्षात असू द्या.)

एक्स-२९ पन्नास टनी. समजा तुमच्या डेकलवर लाइट वेट ४५,६०० आहे, तर लोड लिमिट १,२३,४०० हवं. तसं असेल तर ताळा जुळला. आता तुम्हाला वाटलं, डबा पुन्हा वजन केलेला दाखवू, आणि डेकलच्या तुकड्यांतून लाइट वेट ४५,९०० केलंत. मग लोड लिमिट १,२३,१०० करायलाच हवं. पुष्कळ मॉडेलांवर वजनाची ओळ बदललेली असते आणि वरची तशीच राहिलेली असते. एका ओळीतला आकडा बदलायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी डबा खोटा ठरू देऊ नका. काही डब्यांवर लोड लिमिटच्या आधी छोटा तारा दिसेल. त्याचा अर्थ, डब्याच्या बांधणीमुळे मर्यादा मुद्दाम कमी ठेवली आहे. तिथे बेरीज कमी येणं बरोबर आहे. तारा नसताना कमी येत असेल तर डेकल चुकलेलं आहे.

लाइट वेटच्या ओळीशेजारी महिना-साल असतं. डबा कोरा असेल तर ‘न्यू’ आणि बांधल्याची तारीख. पुन्हा वजन झालं असेल तर जिथे झालं त्या कारखान्याची खूण आणि तेव्हाची तारीख. हे वजन साधारण अडीच ते चार वर्षांनी व्हायचं. म्हणून १९२६ साली बांधलेल्या डब्यावर ऑक्टोबर १९५३ मध्ये ‘न्यू’ दिसणं अशक्य, आणि १९४१ ची वजनाची तारीख दिसणंही तितकंच अवघड. तिथे १९५० ते १९५३ मधली तारीख हवी. डेकलचे संच बहुतेक वेळा डबा कारखान्यातून निघतानाचे छापलेले असतात, त्यामुळे ही चूक फार पसरलेली आहे.

दुरुस्ती करताना एक गोष्ट बघून ठेवा. खऱ्या डब्यावर जुने आकडे पुसण्यासाठी त्यांच्यावर ताज्या रंगाचा चौकोन मारत आणि त्यावर नवे आकडे छापत. बाकी डबा धुराने काळवंडलेला आणि हा एक चौकोन स्वच्छ, कधी थोडा वेगळ्याच छटेचा. मॉडेलवर हे करायला आधी डब्याला जुनं करून घ्या, मग मास्किंग टेपने चौकोन आखा, मूळ रंगात थेंबभर नारिंगी मिसळून पातळ हात मारा, त्यावर चकचकीत वार्निश, मग डेकल, मग मॅट वार्निश. चकचकीत थर चुकवलात तर डेकलखाली हवा राहते आणि पांढुरकी कड दिसते. आकडे एक मिलिमीटरच्या आसपास उंचीचे असतात, म्हणून ते एकेक न चिकटवता संपूर्ण संख्या सापडते का ते आधी शोधा. दोन वेगवेगळ्या संचांतून ‘४५’ आणि ‘९००’ असे दोन तुकडे मिळाले तरी काम सोपं होतं.

बाजूच्या खालच्या कडेला, बोगीच्या वर, आणखी एक छोटी तारीख असते. जर्नलच्या पेट्यांत तेलात भिजवलेलं सूत भरलेलं असायचं, ते बदलल्याची. तेव्हा हे काम वर्ष-सव्वा वर्षाने व्हायचं, म्हणून ऑक्टोबर १९५३ मध्ये तिथे १९५२ च्या उत्तरार्धातली किंवा १९५३ ची तारीख हवी. ब्रेक साफ केल्याची तारीख टाकीवर लिहिलेली असे. या दोन्ही तारखा मॉडेलवर वाचायला भिंग लागतं, पण फोटो वाचताना त्या सोन्याच्या मोलाच्या आहेत. ते पुढे सांगतो.

उलट्या बाजूनेही तपासणी करा, म्हणजे काय नसायला हवं ते. रंगीत पट्ट्यांचं, यंत्राने वाचायचं एसीआय लेबल १९६७ नंतरचं. चाकांच्या तपासणीचा काळ्या चौकोनातला पिवळा किंवा पांढरा ठिपका १९७८ चा. काळ्या चौकटीत एकत्र लिहिलेल्या देखभालीच्या नोंदी सत्तरच्या दशकातल्या. वापरलेले डबे विकत घेतलेत तर यांतलं काहीतरी हमखास सापडतं. आणि पेनसिल्व्हेनियाचं बोधचिन्ह: वर्तुळातला कीस्टोन (कमानीच्या माथ्यावरच्या दगडाच्या आकाराचं चिन्ह) १९५४ च्या आधीचा, सावलीवाला कीस्टोन १९५४ पासूनचा. ऑक्टोबर १९५३ च्या गाडीत सावलीवाला कीस्टोन आला की पुढचं काही बघायची गरजच उरत नाही. बाजारात सावलीवाला जास्त मिळतो आणि दिसायलाही तो देखणा आहे, हीच अडचण.

नंबर एका डब्याचा, धड दुसऱ्याचं

तारीख ठरली, आता नंबर. इथे चूक अशी होते की किट उघडलं, डेकलमध्ये चार नंबर होते, त्यातला आवडेल तो लावला. एक्स-२९ चे सुरुवातीचे डबे टोकांना सपाट पत्र्याचे, रिव्हेट मारलेले. नंतरच्यांची टोकं ड्रेडनॉट पद्धतीची, म्हणजे आडव्या जाड घड्यांची. दरवाजा सुरुवातीला क्रेको कंपनीचा सपाट पट्ट्यांचा, नंतर यंगस्टाउनचा पन्हाळीदार, आणि काही जुन्या डब्यांनाही पुढे यंगस्टाउन बसला. म्हणून सपाट टोकाच्या धडावर उशिराच्या मालिकेतला नंबर लागला की डबा फसला.

ताळा कुठे पाहायचा? अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या सगळ्या डब्यांची एक जाडजूड नोंदवही नियमित छापली जायची, ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर. त्यात प्रत्येक कंपनीची नंबरांची मालिका, त्या मालिकेत त्या दिवशी किती डबे उरलेत, आतली लांबी-रुंदी-उंची, दरवाजाची रुंदी, कपॅसिटी असं सगळं असतं. जानेवारी १९५३ च्या अंकाचं पुनर्मुद्रण हौशी मंडळींत बरंच फिरतं, आणि आपल्या तारखेला ते जवळ आहे. तळटीपा वगळू नका. ‘या मालिकेतले इतके डबे वेगळे’ हे तिथेच दिलेलं असतं.

रजिस्टरमधल्या मापांवरून धडाची शहानिशा करायला एचओसारखं सोयीचं स्केल नाही, कारण एक फूट म्हणजे बरोबर साडेतीन मिलिमीटर. एक्स-२९ ची आतली उंची ८ फूट ७ इंच, म्हणजे ३० मिलिमीटर. एएआरच्या १९३७ च्या आराखड्याची १० फूट, म्हणजे ३५. चाळीसच्या दशकात आलेल्या उंच डब्यांची १० फूट ६ इंच, म्हणजे पावणेसदतीस. कॅलिपर लावून (पत्र्याची आणि तळाची जाडी धरून) पाच मिलिमीटरचा फरक झाकता येत नाही. ‘चाळीस फुटी स्टील बॉक्सकार’ एवढंच खोक्यावर लिहिलेलं किट घेताना आधी उंची मोजा, मग टोकांच्या घड्या मोजा. १९३७ च्या आराखड्याच्या डब्यांवर वरच्या भागात चार आणि खालच्या भागात पाच अशा घड्या सर्रास दिसतात. युद्धानंतर आलेल्या सुधारित ड्रेडनॉट टोकांच्या घड्या दोन्ही बाजूंना निमुळत्या होत जातात. छपराचे पत्रे चौकोनी फुगवट्याचे असतील तर आराखडा जुना, कर्णासारख्या तिरक्या फुगवट्यांचे असतील तर चाळीसच्या दशकाच्या अखेरचा किंवा त्यानंतरचा. पुलमन-स्टँडर्डचा पीएस-१ हा १९४७ पासूनचा, त्याचं छप्पर आणि टोकं त्यांची स्वतःची. तो दुसऱ्या कोणत्याही धडातून कापून काढता येत नाही.

एक्स-२९ बद्दल आणखी एक, जे किटमध्ये सहसा मिळत नाही. त्याच्या बाजूच्या पत्र्यांची खालची कड गंजायची. पाणी आणि घाण तिथे साचून राहायची. चाळीसच्या दशकापासून त्या कडेला पत्र्याची लांब ठिगळं लावायला सुरुवात झाली. १९५३ चा एक्स-२९ करायचा आणि कड गुळगुळीत ठेवायची, हे शक्य आहे पण मी करणार नाही. ०.१ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी, उंची फोटोवरून, दोन टोकांना रिव्हेटच्या डेकलची एक ओळ. अर्ध्या तासाचं काम, आणि डब्याचं वय एकदम अंगावर येतं.

फोटो खरा असतो, पण कधीचा?

कारखान्यात डबा तयार झाल्यावर काढलेले फोटो सुरेख असतात: सपाट प्रकाश, प्रत्येक रिव्हेट स्पष्ट. आराखडा समजून घ्यायला त्यांच्यासारखं काही नाही. पण ते त्या डब्याच्या पहिल्या दिवसाचे आहेत. १९५३ च्या मॉडेलसाठी त्यांच्यावर विसंबलात की ब्रेकपासून अक्षरांपर्यंत सगळं १९२५ चं होतं.

यार्डात काढलेल्या फोटोखाली कोणीतरी ‘सुमारे १९५०’ लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, फोटोच वाचा. डब्यावर दिसणाऱ्या तारखांत सगळ्यात अलीकडची कोणती? फोटो त्याच्या आधीचा असू शकत नाही. ती वजनाची तारीख असेल तर फोटो पुढच्या तीन-चार वर्षांतला. जर्नलच्या सुताची तारीख वाचता आली तर वर्षभराच्या आत पोहोचलात. ‘सुमारे १९५०’ म्हटलेल्या फोटोवर १९५५ ची वजनाची तारीख निघते, असं होतं. म्हणून मोठ्या आकाराची स्कॅन मागवायला मागेपुढे पाहू नका. छोट्या फोटोत ही अक्षरं वाचताच येत नाहीत.

रंगाचा गुंता वेगळा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून विटकरी डबा जवळपास काळा उमटतो. त्यावरून छटा ठरवू नका. खरा रंग पाहायचा तर जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये अमेरिकन सरकारसाठी काढलेले कोडाक्रोम, म्हणजे रंगीत फिल्मवरचे फोटो, बघा. शिकागोजवळच्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या प्रोव्हिसो यार्डातले त्यांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. एकाच रांगेत उभे असलेले ‘लाल’ डबे बघा: कोणी तपकिरी, कोणी विटकरी, कोणी काजळीखाली ओळखू न येणारा. एकच बाटली सगळ्या डब्यांवर मारायची सवय हे फोटो पाहून सुटते. पेनसिल्व्हेनियाचे कागद आणि नकाशे डेलावेअरमधल्या हॅगली संग्रहालयात आणि हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी मंडळींनी एखादी सुट्टी तिकडे घालवावी, फार मदत होईल.

संग्रहालयात जपलेला डबा पाहायला मिळाला तर पोटाखाली वाकून पाइप कसे वळतात ते जरूर पाहा. मापंही घ्या. पण रंग आणि अक्षरं तिथून उचलू नका. तो डबा सेवेतून गेला तेव्हाचे बदल त्याच्यावर आहेत आणि रंग नंतर कोणीतरी नव्याने दिलेला आहे.

ही गोष्ट आपल्याकडच्या डब्यांनाही लागू आहे. जीआयपी ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मालडब्यावरची अक्षरं बदलली असं कसं होईल? पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून ज्यांना भारतीय मालगाडी करायची इच्छा होते, त्यांना शिवाय गेजचा प्रश्न असतो. १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज एचओत १९.२ मिलिमीटर होतो आणि बाजारातला रूळ १६.५ चा. अमेरिकन डब्यांना तो प्रश्न नाही, १,४३५ चे बरोबर साडेसोळा होतात.

डबा उंच का दिसतो

सगळं जुळूनही डबा चवड्यांवर उभा असल्यासारखा दिसत असेल तर कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंची मोजा. खऱ्या डब्यावर कपलरचा मध्य रुळापासून साडेचौतीस इंचांवर, म्हणजे एचओत दहा मिलिमीटर. कपलर बरोबर आणि तरी डबा उंच, याचा अर्थ कपलरची पेटी तळाखाली लोंबते आहे आणि धड वर उचललं गेलं आहे. बोगीच्या टेकूचा उंचवटा घासून कमी करा. चाकं ३३ इंची, म्हणजे ९.६ मिलिमीटर, तेही बघून घ्या. छपरावरच्या फळ्या किटमध्ये एक मिलिमीटर जाड असतील तर खऱ्या डब्यावर त्या साडेतीन इंच होतील. खरी फळी सव्वा इंचाच्या आसपास. ०.४ मिलिमीटरच्या पट्ट्यांनी त्या नव्या करा, छपराची सगळी रेषा हलकी होते.

गाडी जुळवताना

एकेक डबा तारखेला पक्का झाला तरी गाडी म्हणून फसू शकते. बॉक्सकार देशभर फिरत, जिथे रिकामी होईल तिथे जवळचा माल भरून पुढे. म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या गाडीतसुद्धा परक्या कंपन्यांचे बॉक्सकार भरपूर हवेत, आणि त्यात न्यू यॉर्क सेंट्रलसारख्या मोठ्या ताफ्याच्या कंपन्या जास्त, छोट्या कंपन्यांचे रंगीबेरंगी डबे क्वचित. कोळशाचे हॉपर, म्हणजे तळातून माल सोडणारे उघडे डबे, मात्र खाण आणि बंदर किंवा भट्टी यांच्यामध्येच येरझाऱ्या घालत, ते बहुतांशी घरच्या कंपनीचे ठेवा. वय मिसळा. एक्स-२९ चं बुटकं छप्पर, त्याच्या शेजारी १० फूट ६ इंची नवा डबा, मग पुन्हा बुटका, अशी वरखाली रेषा १९५३ च्या गाडीला असायची. मळही वयाप्रमाणे द्या. पेनसिल्व्हेनियाची वाफेची इंजिनं १९५७ पर्यंत चालली, तेव्हा काजळी सगळ्यांवर आहे, फक्त १९५३ च्याच ‘न्यू’ डब्यावर पातळ.

एखाद्या नंबरासाठी आपल्या तारखेजवळचा फोटो काही केल्या मिळत नसेल तर तो नंबर सोडा. त्याच मालिकेतला, फोटो असलेला शेजारचा नंबर घ्या. नव्याने डेकल कापायला एक संध्याकाळ जाते, पण अंदाजावर बांधलेला डबा पुढे वर्षानुवर्षं खटकत राहतो.

आणि डबा पुरा झाला की तळावर, बोगीच्या वरच्या सपाट भागात, बारीक पेनाने लिहून ठेवा: मॉडेलची तारीख, कोणत्या फोटोवरून, फोटोतली सगळ्यात अलीकडची तारीख, आणि कोणता भाग पुराव्याशिवाय केला आहे. उद्या तो भाग दाखवणारा फोटो हाती लागला तर नेमकं तेवढंच उचकटता येतं.